घरात वाजणारा ड्रम : खरेदीपूर्वीचा विचार

तीर्थंकरांच्या अष्टप्रातिहार्यांमध्ये देवदुंदुभीची गणना होते. अशोकवृक्ष, सिंहासन, छत्रत्रय, भामंडल यांच्या पंक्तीत एका तालवाद्यालाही स्थान आहे, ही गोष्ट तालाला केवळ करमणूक मानणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. पंचकल्याणक महोत्सवातील मिरवणूक, महावीर जयंतीची शोभायात्रा, पर्युषण पर्वातील सायंकाळची आरती, यांपैकी काहीही ढोल, झांज, ढोलकी यांच्यावाचून रंगत नाही. हे सारे लहानपणापासून कानावर पडत असल्याने घरातील मुले दहा-बारा वर्षांची झाली की त्यांचे हात स्वतःच ताल धरू लागतात. पूर्वी अशा मुलाला तबल्याच्या वर्गात घालत. आता अनेक मुले ड्रमसेट मागतात.

हा हट्ट पुरवणे वाड्याच्या काळात कदाचित सोपे गेले असते. आज बहुतेक कुटुंबे सदनिकेत राहतात. आपल्या घराची फरशी हे दुसऱ्याच्या घराचे छत असते. खालच्या मजल्यावर एखादे आजारी वृद्ध असतील, शेजारच्या खोलीत कोणी सामायिकाला बसले असेल, पलीकडे दहावीची परीक्षा असेल. अशा वेळी ‘इलेक्ट्रॉनिक ड्रम घ्या, हेडफोन लावला की आवाजच नाही’ असा सल्ला सहज दिला जातो. हा सल्ला अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्या भागाची माहिती नसल्यामुळे मोठी रक्कम खर्चून आणलेले वाद्य काही महिन्यांत चादरीखाली झाकून पडते, शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात आणि मुलाचा उत्साहही मावळतो. म्हणून या खरेदीचा विचार शांतपणे, क्रमाने करणे इष्ट ठरते.

कातड्यापासून जाळीपर्यंत

जैन कुटुंबाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो चामड्याचा. तबला, ढोलकी, मृदंग यांच्या पुड्या परंपरेने कातड्याच्या असतात. पाश्चात्त्य ड्रमवरही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वासराचे कातडेच ताणले जाई. 1957 च्या सुमारास अमेरिकेत पॉलिएस्टरच्या पातळ पटलापासून बनवलेली पुडी बाजारात आली. रेमो बेली यांची ‘रेमो’ ही कंपनी याच व्यवसायातून उभी राहिली. हे पटल दमट हवेत सैल पडत नसे आणि स्वस्तही होते, त्यामुळे ते वादकांनी झपाट्याने स्वीकारले. अहिंसेचा हेतू त्यामागे नव्हता, परंतु परिणाम मात्र असा झाला की आजचा साधा ड्रमसेटही बहुधा कातड्याविना तयार होतो.

इलेक्ट्रॉनिक ड्रमची वाटचाल पुढची आहे. 1981 मध्ये इंग्लंडच्या सिमन्स कंपनीचा षटकोनी पॅडचा संच आला. त्याचा आवाज गाजला, पण पॅडचा पृष्ठभाग इतका कठीण होता की वादकांची मनगटे दुखू लागली. 1985 मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने आठ पॅडचे ‘ऑक्टापॅड’ हे यंत्र आणले. त्या पहिल्या यंत्रात स्वतःचा एकही आवाज नव्हता. ते फक्त आघाताची सूचना दुसऱ्या यंत्राकडे पाठवी आणि आवाज त्या दुसऱ्या यंत्रातून निघे. 1997 मध्ये त्याच कंपनीने रेमोच्या सहकार्याने जाळीच्या पुडीचा संच बाजारात आणला. विणलेल्या कृत्रिम धाग्यांची ही जाळी ताणून बसवलेली असते. तिच्यावर काठी खऱ्या पुडीसारखी उसळते, मात्र हवा जाळीतून निघून जात असल्याने आवाज फार थोडा होतो.

या इतिहासात खरेदीदारासाठी एक मोलाची सूचना दडलेली आहे. इलेक्ट्रॉनिक वाद्यात स्पर्श आणि आवाज या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. आवाज पुढे केव्हाही संगणकाच्या साहाय्याने बदलता येतो. स्पर्श मात्र ज्या दिवशी वाद्य विकत घेतले त्या दिवशीच कायमचा ठरतो. म्हणून पैसा आधी हातापायांना जे लागते त्यावर खर्च करावा, यंत्रातील आवाजांच्या संख्येवर नव्हे.

वाद्य कोणासाठी, कशासाठी?

दुकानात जाण्यापूर्वी घरात हा प्रश्न मोकळेपणाने चर्चिला जावा. मुलाला किंवा मुलीला ड्रमवादनच शिकायचे असेल, दोन्ही हात आणि दोन्ही पाय स्वतंत्रपणे चालवण्याची साधना करायची असेल, तर पूर्ण संच आवश्यक आहे. परंतु उद्देश मंदिरातील भक्तिसंध्येत साथ करणे, पाठशाळेच्या कार्यक्रमात स्तवनाला ठेका धरणे किंवा घरी स्तवने ध्वनिमुद्रित करणे एवढाच असेल, तर ज्याला महाराष्ट्रात सर्रास ‘ऑक्टोपॅड’ म्हणतात ते एकत्रित पॅडचे यंत्र अधिक उपयोगी पडते. ते एका पिशवीत मावते, टेबलावर किंवा एका स्टँडवर बसते आणि तबला, ढोलक यांसारख्या भारतीय वाद्यांचे ध्वनी देणारी यंत्रेही मिळतात. त्यावर पायाचे काम जवळपास नसते, त्यामुळे शेजाऱ्यांचा प्रश्नही बराचसा मिटतो.

परिग्रह परिमाणाचा अर्थ वस्तू घेऊच नये असा नाही. गरज किती याची मर्यादा आधी ठरवावी आणि मग त्या मर्यादेत वस्तू घ्यावी, असा तो आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही हाच मार्ग लाभाचा असतो, कारण न वाजणारा पाच पॅडचा संच हा वाजणाऱ्या एका पॅडपेक्षा नेहमीच महाग पडतो.

आवाज कोठे जातो?

साध्या ड्रमसेटचा आवाज वादकाजवळ 100 डेसिबलच्याही वर सहज जातो. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल आहे. दर 10 डेसिबलला कानाला आवाज साधारण दुप्पट भासतो, हे ध्यानात घेतले म्हणजे सदनिकेत साधा ड्रम का शक्य नाही हे स्पष्ट होते.

इलेक्ट्रॉनिक संचात हेडफोन लावल्यावर स्पीकरचा आवाज बंद होतो, पण दोन आवाज उरतात. पहिला काठी पॅडवर आपटण्याचा. रबराच्या पॅडवर तो टकटक असा स्पष्ट ऐकू येतो, जाळीवर पुष्कळच मंद होतो. हा आवाज हवेतून प्रवास करतो, दार लावले की शेजारच्या घरापर्यंत फारसा पोहोचत नाही. दुसरा आवाज पायाच्या पेडलचा. पेडलचा हातोडा पॅडवर आदळतो तेव्हा धक्का स्टँडमधून फरशीत आणि फरशीतून थेट खालच्या घराच्या छतात उतरतो. वाजवणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते, कारण त्याच्या कानावर हेडफोन असतो. खालच्या घरात मात्र कोणी वर उखळात कांडत असल्यासारखे धप्प धप्प ऐकू येते. सदनिकांमधील बहुतेक तक्रारींचे मूळ या पेडलमध्ये असते.

यावर उपाय आहेत. काही संचांत हातोडा नसलेले पेडल मिळते. यामाहाच्या डीटीएक्स 402-के या संचात अशीच व्यवस्था आहे. पायाचे फळकूट दाबले की सूचना जाते, आघात होत नाही. खऱ्या पेडलचा उसळता स्पर्श त्यात मिळत नाही, हा त्याचा तोटा. उलट अलेसिसच्या नायट्रो मॅक्ससारख्या संचात ड्रमचे सर्व पॅड जाळीचे असून पायासाठी उभा पॅड व हातोड्याचे पेडल असते. त्यात स्पर्श खरा, पण धक्काही खरा. जमिनीलगतच्या घरात किंवा बंगल्यात दुसरा प्रकार घ्यावा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने पहिला घ्यावा किंवा दुसरा घेऊन खाली धक्का शोषणारे व्यासपीठ करावे. दोन प्लायवुडच्या फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून सुताराकडून असे व्यासपीठ करून घेण्याची पद्धत अनेक देशांतील घरगुती वादकांमध्ये प्रचलित आहे. नुसता गालिचा अंथरल्याने संच सरकत नाही, फरशीवर ओरखडे पडत नाहीत, परंतु पेडलचा धक्का फारसा कमी होत नाही.

परीक्षा सोपी आहे. एकाने वर पेडल वाजवावे, दुसऱ्याने परवानगी घेऊन खालच्या घरात पाच मिनिटे बसावे. जे ऐकू येईल ते प्रामाणिकपणे मान्य करावे आणि वाजवण्याच्या वेळा दोन्ही घरांनी मिळून ठरवाव्यात.

हाताला काय लागते?

जागा आधी मोजावी. लहान संचालाही वादकाच्या स्टुलासह साधारण चार बाय पाच फूट जागा लागते. संच रोज उघडून रोज मिटवावा लागला तर सराव थांबतो, म्हणून तो कायम उभा राहील अशी जागा शोधावी.

त्यानंतर पाहायचे ते स्नेअर, म्हणजे वादकाच्या पुढ्यातील मुख्य ड्रम. बहुतेक आघात याच्यावर होतात. सगळे पॅड जाळीचे घेण्याइतकी रक्कम नसेल तर निदान स्नेअर तरी जाळीचा असावा. काही संच याच पद्धतीने, स्नेअर जाळीचा आणि बाकीचे पॅड रबराचे, असे मिळतात. स्नेअरला मध्यभाग आणि कडा यांचे वेगळे आवाज येतात का, हलक्या आघातापासून जोरदार आघातापर्यंत आवाज पायरीपायरीने वाढतो का, हे स्वतः वाजवून पाहावे. अगदी नाजूक आघात ज्या यंत्राला ऐकूच येत नाहीत, त्यावर शिकणारा मूल जोरात बडवायलाच शिकते.

दुसरी गोष्ट हाय-हॅटची. डाव्या पायाने उघडझाप होणाऱ्या या झांजांच्या जोडीत पूर्ण बंद, अर्धी उघडी, पूर्ण उघडी अशा अनेक अवस्था असतात. स्वस्त यंत्रात उघडी आणि बंद या दोनच अवस्था जाणवतात. दुकानात काठीने एकसारखे वाजवत पाय हळूहळू उचलावा. आवाज टप्प्याटप्प्याने बदलला तर यंत्र चांगले. झांजेच्या पॅडची कड हाताने धरल्यावर आवाज थांबतो का, हेही पाहावे. एका पॅडवर मारल्यावर शेजारचा पॅड आपोआप वाजत असेल, तर तो दोष संवेदनशीलतेच्या मांडणीत सुधारता येतो का, हे विक्रेत्याकडून करून घेऊनच पुढे जावे.

यंत्रात शेकडो आवाज असल्याची जाहिरात असते. शिकणारा त्यांतील चार-पाचच वापरतो. त्यापेक्षा लय दाखवणारा मेट्रोनोम, मोबाइलवरील गाणे जोडून त्याबरोबर वाजवण्याची सोय आणि हेडफोनसाठी पुरेसा जोर, या तीन गोष्टी रोज उपयोगी पडतात.

घरच्या घरी ध्वनिमुद्रण

स्तवन किंवा गीत घरी मुद्रित करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्यात यंत्राच्या लाइन-आउटमधून तार काढून ती ऑडिओ इंटरफेस नावाच्या छोट्या पेटीमार्फत संगणकाला जोडतात. सगळे ड्रम एकत्र मिसळून दोन वाहिन्यांत मुद्रित होतात. मार्ग सोपा आहे, पण स्नेअर जास्त मोठा झाला तर नंतर तेवढाच कमी करता येत नाही.

दुसरा मार्ग मिडीचा. 1983 मध्ये वाद्य-उत्पादकांनी मिळून हे सामाईक परिमाण स्वीकारले. यात आवाज मुद्रित होतच नाही. कोणता पॅड, किती वाजता, किती जोराने वाजला, एवढीच नोंद होते, आणि जोर 1 ते 127 या आकड्यांत मोजला जातो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर ही रोजकीर्द आहे, तिच्यावरून खतावणी पुढे हवी तशी मांडता येते. चुकलेला ठोका सरकवता येतो, जोर कमी-जास्त करता येतो आणि संपूर्ण ड्रमचा आवाजही दुसऱ्या संगणकीय ध्वनिसंग्रहातून घेता येतो. सीडीच्या दर्जाचे स्टिरिओ मुद्रण मिनिटाला सुमारे 10 मेगाबाइट जागा घेते, मिडीची नोंद काही किलोबाइटमध्ये मावते.

तिसरा मार्ग यूएसबी ऑडिओचा. एकाच तारेतून यंत्राचा स्वतःचा आवाज संगणकात जातो आणि महागड्या यंत्रांत प्रत्येक ड्रम वेगळ्या वाहिनीतही मिळतो. येथे एक सावधगिरी हवी. यंत्रावर यूएसबीचे छिद्र आहे म्हणजे ऑडिओ जाईलच असे नाही. कित्येक स्वस्त यंत्रांत त्या छिद्रातून फक्त मिडी जाते. ‘यूएसबी ऑडिओ आहे की फक्त यूएसबी मिडी?’ हा प्रश्न विचारून उत्तर माहितीपुस्तिकेत ताडून पाहावे.

संगणकातील आवाज हेडफोनवर ऐकत वाजवताना विलंबाचा प्रश्न येतो. ध्वनीला हवेत एक मीटर जाण्यास सुमारे 3 मिलिसेकंद लागतात, एवढा विलंब कोणालाही जाणवत नाही. संगणकात बफर 256 नमुन्यांचा ठेवला तर 44,100 च्या गतीला तेवढ्यानेच सुमारे 6 मिलिसेकंद लागतात, त्यात इतर कामांचा वेळ मिळवला जातो. एकूण विलंब वाढत गेला की हात आणि कान यांची फारकत होते व लय ढळते. त्यावर उपाय म्हणजे बफर 128 किंवा 64 करणे. तेवढी क्षमता संगणकात नसेल, तर वाजवताना ड्रम यंत्राचाच आवाज ऐकावा आणि संगणकात फक्त मिडी नोंदवावी. ब्लूटूथ हेडफोन या कामाला निरुपयोगी आहेत, त्यांतील विलंब सहज जाणवतो. तारेचाच, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यावा.

हेडफोनसोबत कानाची काळजी आलीच. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास सुरक्षित मानतात आणि दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला एकच तास उरतो. मुलांच्या बाबतीत याहूनही कमी आवाज ठेवावा आणि घरातील मोठ्यांनी अधूनमधून तो हेडफोन स्वतः कानाला लावून पाहावा.

ताळेबंद

संचाची छापील किंमत हा खर्चाचा एक भाग असतो. स्टूल, हेडफोन, काठ्या, गालिचा किंवा व्यासपीठ आणि कित्येकदा पेडलसुद्धा वेगळे घ्यावे लागते. मुद्रण करायचे तर इंटरफेस व तारा आल्या. गुरूचे शुल्क तर दरमहा आहे. म्हणून 1 लाखाची मर्यादा ठरवली असेल तर संच 65 ते 70 हजारांच्या आतच पाहावा. उरलेली रक्कम या जोडखर्चाला व पहिल्या काही महिन्यांच्या शिक्षणाला राखून ठेवावी.

‘शून्य व्याजाच्या’ हप्त्यांचा मोह टाळावा. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये बँकांना स्पष्ट बजावले होते. व्याज कोठेतरी असतेच, प्रक्रिया शुल्कात किंवा न मिळालेल्या सवलतीत. एकरकमी रोख भावात किती सूट मिळते, एवढे विचारले की ते बाहेर येते. वापरलेला संच स्वस्त मिळत असेल तर प्रत्येक पॅडच्या मध्यावर आणि कडेवर वाजवून पाहावे, जाळी फाटलेली नाही ना ते तपासावे आणि सुटे भाग आपल्या शहरात मिळतात याची खात्री करावी. टोक खडबडीत झालेली काठी जाळी फाडते, तेव्हा काठ्या वेळच्या वेळी बदलणे हीच दुरुस्तीवरील मोठी बचत ठरते.

वाद्य कातड्याविना असले तरी उपसाहित्याची चौकशी करावी. स्टुलाची गादी, हेडफोनच्या गाद्या, पेडलचा पट्टा यांत चामडे असू शकते, हातोड्याच्या टोकाला लोकरीचा नमदा असू शकतो. या सर्वांना रेक्झीन, नायलॉन, साखळी, प्लास्टिक असे पर्याय उपलब्ध आहेत. विजेच्या वापराविषयी आपल्या विविध परंपरांमध्ये मतभिन्नता आहे, म्हणून साधु-साध्वींच्या सान्निध्यातील कार्यक्रमात असे वाद्य नेण्यापूर्वी त्यांची अनुज्ञा घेणे उचित होय.

एवढा विचार झाला की यादी छोटी उरते : पायाचा धक्का खाली जाणार नाही अशी व्यवस्था, जाळीचा स्नेअर, टप्प्याटप्प्याने उघडणारी हाय-हॅट, मिडीची सोय आणि कानाला जपणारा तारेचा हेडफोन. या पाच गोष्टी मिळाल्या तर बाकीचे आवाज पुढे केव्हाही जोडता येतील. पैसे भरण्यापूर्वी मात्र एकदा जिना उतरून खालच्या घरी जाऊन यावे आणि मुलगा ड्रम शिकणार आहे, कोणती वेळ आपल्याला सोयीची पडेल, असे विचारावे. ज्या शेजाऱ्याला आधी विचारले जाते, तो पुढे त्या मुलाचा पहिला श्रोताही होऊ शकतो.